एका घरात चार रक्तगट

बाळा,

हार्ट अटॅकनंतर बाबा घरी आले, सावकाश का होईना जिना चढायला लागले, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पुढच्या दीड पानात तू एकच गोष्ट घोळवली आहेस: ‘काका, माझा गट एबी. म्हणजे मला हृदयविकाराचा २३ टक्के जास्त धोका.’ त्यापायी रात्री झोप लागत नाही म्हणतोस. माझी ३१ वर्षं रक्तपेढीत गेली, तेव्हा याचं उत्तर मीच द्यायला हवं.

तो आकडा कुणी मनाने रचलेला नाही. २०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यसेवेतले पुरुष मिळून सुमारे ९० हजार जणांची वीस वर्षांहून जास्त काळाची माहिती तपासली. ओ गटाच्या मानाने हृदयविकाराचं प्रमाण ए गटात साधारण ५ टक्के, बी गटात ११ टक्के आणि एबी गटात २३ टक्के जास्त निघालं. पण हे टक्के कशाचे, ते बघ. समजण्यापुरतं धर की ओ गटाच्या शंभर जणांत दहा जणांना हा आजार झाला. तर एबी गटाच्या शंभरांत तो बारा जणांना होईल. तू मात्र ‘शंभरातले तेवीस’ असं वाचून घाबरलास. शिवाय त्या अभ्यासातले बहुतेक लोक गोरे अमेरिकन होते. तोच आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही.

असं का होतं, हे समजून घेतलंस तर भीती निम्मी होईल. रक्तगट म्हणजे शेवटी पेशीवर चिकटलेली साखर. आधी एच नावाचा पाया, त्याच्यावर ए गटात एक साखर बसते, बी गटात दुसरी, एबीत दोन्ही. ओ गटात पाया तसाच मोकळा. (हा पायाच नसलेली माणसं मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली. १९५२ साली ते प्रसिद्ध झालं आणि त्या गटाला ‘बॉम्बे’ नाव पडलं. असा रुग्ण आला की आमची सगळी रक्तपेढी रात्रभर फोन फिरवत बसायची.) आता मुद्दा असा की ही साखर फक्त तांबड्या पेशींवर नसते. जखम झाली की प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना, तिथे चिकटवून ठेवणारं एक प्रथिन रक्तात फिरत असतं, त्याला फॉन विलेब्रांट घटक म्हणतात. त्याच्यावरही हीच साखर बसते. ज्यांच्यात ती नाही, त्या ओ गटाच्या लोकांत हा घटक रक्तातून लवकर निघून जातो आणि त्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी राहतं. म्हणून ओ गटाचं रक्त गोठायला किंचित आळशी, तुझं किंचित तत्पर.

आता हार्ट अटॅक कसा येतो ते आठव. वर्षानुवर्षं धमनीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचतो. मग एक दिवस तो थर फाटतो, त्यावर गुठळी बसते आणि रक्त अडतं. रक्तगटाचा हात असतो तो मुख्यतः या शेवटच्या क्षणात. ए गटात कोलेस्टेरॉलही थोडं जास्त आढळतं हे खरं, पण थर साचवणारे खरे कारभारी वेगळेच आहेत. फाटायला थरच नसेल, तर तुझं तत्पर रक्त धमनीत करणार काय?

ते कारभारी कोण, हे २००४ साली ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं: तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण आणि आणखी काही. त्याच अभ्यासातली दक्षिण आशियाई माणसांची माहिती नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि इतरांनी २००७ साली मांडली. आपल्याकडे पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आणि इतर देशांत जवळपास ५९व्या. म्हणजे सहा वर्षं आधी! आणि या कारभाऱ्यांच्या यादीत रक्तगट कुठेच नाही. सिगारेट ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या जवळपास तिप्पट निघाला. ही तिप्पट तुझ्या २३ टक्क्यांशेजारी ठेवून बघ.

म्हणून मला काळजी वाटते ती तुझ्या धाकट्याची. तुमच्या घरात आई ए, बाबा बी, तू एबी आणि तो ओ, असे चारही गट आहेत. आपला गट ‘सेफ’ आहे असं तो हसत म्हणाला आणि गॅलरीत सिगारेट ओढायला गेला, असं तू लिहिलंस. माझ्या शेजारच्या टेबलावर असाच एक सहकारी होता. ओ निगेटिव्ह, अडीअडचणीला मध्यरात्री येऊन रक्त देणारा, दिवसाला वीस सिगारेटी. ४९व्या वर्षी गेला. त्याला मी ठासून कधी बोललो नाही, ही बोच अजून आहे. तू बोल.

तुझ्या गटाची आठवण खरोखर ठेवायची ती पायातल्या शिरांसाठी. शिरेत गुठळी होण्याचा धोका ओ सोडून बाकीच्या गटांत सुमारे दुप्पट असतो. पाय प्लॅस्टरमध्ये असला, मोठं ऑपरेशन झालं किंवा दहा-बारा तासांचा बसून प्रवास असला, तर अधूनमधून घोटे हलव, जमेल तेव्हा उठून चाल, पाणी पी. एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागलं किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. मात्र रक्त पातळ करायची गोळी मनाने सुरू करू नकोस. बाबांच्या गोळ्या त्यांच्या स्टेंटसाठी, म्हणजे धमनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीसाठी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही बंद होता कामा नये, एवढं बघ.

वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक येणं ही तुझ्यासाठी रक्तगटापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, ए रक्तगटाशी संबंध नाही) करून घे. ते बरंचसं आईवडिलांकडूनच येतं. कमरेचा घेर मोज. पुरुषांना तो ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

येत्या रविवारी सकाळी दोघेही या. रक्तदाबाचं यंत्र माझ्याकडे आहे, टेपही आहे. धाकट्याला सांग, निघताना सिगारेटचं पाकीट घरी ठेवून ये. मी विचारणार आहे.

तुझा,
काका