११२ ओळींच्या पुढे ‘बी-’ कसं लावू?

प्रश्न: आमच्या बी विंगमधे ११२ फ्लॅट आहेत. यादी साध्या टेक्स्ट फाइलीत आहे, आधी फ्लॅट नंबर, मग नाव, मग मोबाइल, मधे स्वल्पविराम. आता कमिटीला प्रत्येक नंबराआधी ‘बी-’ हवंय आणि त्याच्याही आधी अनुक्रमांक. नोटपॅडमधे एकेक ओळ करतोय, काल रात्री साडेबारापर्यंत ४० झाल्या. वय ६६, डोळे दुखतात. काही सोपं आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: काका, आधी ते थांबवा. विंडोजच्या साध्या नोटपॅडमधे हे होत नाही, नोटपॅड प्लस प्लस घ्या, फुकट आहे. फाइलची एक कॉपी ठेवा, वर्ड रॅप, म्हणजे लांब ओळ आपोआप मोडून खाली येणं, बंद करा. मग पहिल्या ओळीत फ्लॅट नंबराच्या, समजा १०१ च्या, अगदी डावीकडे माउस नेऊन ऑल्ट दाबून धरायची आणि सरळ खाली शेवटच्या ओळीपर्यंत ओढायचं, आडवं न जाता, की सगळ्या ओळींमधनं एक बारीक उभी रेघ दिसते. आता ‘बी-’ एकदाच टाइप करा, ११२ ओळींत उमटेल. माउस हलत असेल तर ऑल्ट-शिफ्ट धरून खालचा बाण.

अनुक्रमांकाला परत तशीच रेघ, मग ऑल्ट-सी. कॉलम एडिटर उघडतो, त्यात नंबरचा पर्याय घेऊन सुरुवात १, वाढ १, आणि पुढे शून्य लावायला सांगा, म्हणजे ००१, ००२ असं एका मापात येतं. त्याच्या उजवीकडे रेघ ओढून एक स्वल्पविराम द्या, झालं.

खरी गोम मराठी नावांत आहे. ही उभी निवड अक्षरं मोजत नाही, पडद्यावरची जागा बघते. कुरिअर न्यूसारख्या फॉन्टमधे इंग्रजी अक्षरं सगळी सारख्या रुंदीची असतात, देवनागरीचं तसं नाही, ‘उमा’ आणि ‘श्रीकृष्ण’ यांच्यापुढे कितीही स्पेस भरा, मोबाइलचा रकाना वाकडाच राहतो आणि निवडताना कुणाचा पहिला आकडा सुटतो, कुणाच्या नावाचा काना तुटतो. म्हणून नाव कायम शेवटी ठेवा. यादी एक्सेलमधे उघडून नावाचा कॉलम शेवटी न्या आणि परत फाइलीत पेस्ट करा. पेस्ट करताना मधे टॅब येतात, ते एडिट मेनूत ब्लँक ऑपरेशन्समधून स्पेस करून घ्या.

काही बिनसलं तर कंट्रोल-झेड, सगळ्या ओळींतलं एकदम मागे जातं.