रँडम आकडे खरेच समसमान येतात का?

0 ते 9 मधले 1000 आकडे काढले. 7 आला 118 वेळा, 3 फक्त 87 वेळा. रँडम आकडे देणारा जनरेटर बिघडलाय का?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

नाही. सगळे आकडे बरोबर शंभर-शंभर वेळा आले असते, तर मला जास्त शंका आली असती. काय-स्क्वेअर चाचणी लावा: प्रत्येक मोजणीचा 100 पासूनचा फरक, त्याचा वर्ग, भागिले 100 आणि दहाही उत्तरांची बेरीज. तुम्ही पाठवलेल्या मोजणीची बेरीज 9.6 येते. दहा गट म्हणजे नऊ डिग्री ऑफ फ्रीडम (एकूण बेरीज ठरलेली, म्हणून नऊच मोजण्या मोकळ्या). 5 टक्के पातळीला मर्यादा 16.92. तुम्ही आरामात आत आहात. मात्र सीड (जनरेटरला दिलेला सुरुवातीचा आकडा) बदलून चाचणी पुन्हा पुन्हा घ्या, कारण चांगला जनरेटरही सरासरी विसातून एकदा ही मर्यादा ओलांडतो.

गड्ड्याच्या यात्रेत आमच्या चादरींच्या दुकानाचा लकी ड्रॉ आहे, कुपने 10000. सी भाषेतल्या रँड फंक्शनने दिलेल्या रँडम आकड्याला 10000 ने भागून बाकी घेतो, तिच्यात 1 मिळवून कुपन ठरवतो. चालेल ना?
– व्यापारी, अक्कलकोट रोड

कृपया असे करू नका. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरमध्ये रँड 0 ते 32767 एवढेच आकडे देते. 32768 ला 10000 ने भागले तर तीन पूर्ण फेऱ्या होतात आणि 2768 उरतात. म्हणजे कुपन 1 ते 2768 यांना चार-चार संधी, बाकीच्यांना तीनच. आधी आलेल्या गिऱ्हाइकाला एक तृतीयांश जास्त संधी मिळते आणि उशिरा आलेल्याला ते कधी कळतही नाही. हा अन्याय आहे आणि उपाय एका ओळीचा आहे: 30000 किंवा त्यापुढचा आकडा आला की टाकून द्या, नवा काढा.

काय-स्क्वेअर पास झाली की काम झाले का?
– प्राध्यापक, होटगी रोड

नाही. 0, 1, 2… 9 असे ओळीने फिरवत राहिलात तरी मोजणी अगदी समान येते. त्यात रँडम काहीच नसते. म्हणून बेरीज शून्याजवळ आली तरी संशय घ्या आणि लागोपाठच्या जोड्या, त्रिकुटेही तपासा. आयबीएमचा 1960 च्या दशकातला रँडू हा जनरेटर आठवा: लागोपाठचे तीन-तीन आकडे घनात मांडले की सगळे बिंदू अवघ्या 15 समांतर प्रतलांवर बसतात. सुटे आकडे मोजून हे कधीच दिसले नसते.

ओटीपीसाठी पायथॉनचे रँडम मॉड्यूल वापरू का?
– डेव्हलपर, विजापूर रोड

नको. त्यातल्या मर्सेन ट्विस्टर या जनरेटरची वाटणी उत्तम आहे, पण सलग 624 पूर्ण आउटपुट हाती लागले की पुढचे सगळे आकडे काढता येतात. पायथॉनचेच, गुप्त आकड्यांसाठी असलेले सीक्रेट्स मॉड्यूल घ्या.