‘मी हात काढला तर शाळा कोलमडेल’

एका ख्रिस्ती शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता खरं दुखणं बाहेर आलं. “शिक्षक स्वतःहून काही करत नाहीत. सगळं माझ्यावरच येतं. पण ही प्रभूची सेवा, तिला नाही कसं म्हणू?” संस्था सांभाळणाऱ्या भल्या माणसांकडून ही तक्रार मी नेहमी ऐकते.

मी विचारलं, “गेल्या वर्षभरात तुमच्या हाताखाली कोण पुढे आलं? मुलं सोडून सांगा.” त्यांनी निकाल सांगितला, नवी प्रयोगशाळा सांगितली. माणसाचं नाव काही येईना.

मग एका वहीचा विषय निघाला. सकाळच्या प्रार्थनासभेची आखणी शिक्षकांनी आळीपाळीने तीत लिहायची, अशी पद्धत. पुढच्या भेटीला त्या वहीच घेऊन आल्या. सुरुवातीला एका तरुण शिक्षिकेने पान भरून लिहिलं होतं : वचन, मुलांना विचारायचा प्रश्न, छोटीशी नाटिका. त्यावर बाईंच्या लाल शाईत गीत बदललेलं, प्रश्न खोडलेला, नाटिकेसमोर ‘वेळ नाही’. पुढच्या पाळीला तिचं लिखाण निम्म्यावर आलं. शेवटच्या नोंदीत एवढंच : ‘मॅडम सांगतील त्याप्रमाणे.’

बाईंना तो कामचुकारपणा वाटत होता. मला वाटलं, जे शिकवलं गेलं ते ती नीट शिकली होती.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसतो आणि लोक ताटकळत उभे राहतात. सासरा इथ्रो त्याला बजावतो, अशाने तूही थकशील आणि हे लोकही. बाईंना हा प्रसंग पाठ होता, पण त्यातून त्या आपल्या थकव्यापुरतंच घेत आल्या होत्या. ताटकळणाऱ्या लोकांत आपले शिक्षक असतील, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. इथ्रो पुढे वाटणीही सांगतो : हजार, शंभर, पन्नास, दहा जणांवर नायक नेमायचे आणि अवघड तेवढंच मोशेकडे आणायचं.

आम्हीही तशीच वाटणी केली. मुलांची सुरक्षितता, पैसा आणि मोठ्या माणसांच्या वागणुकीच्या तक्रारी बाईंकडेच राहिल्या. त्या दुसऱ्याच्या गळ्यात घालणं म्हणजे जबाबदारी झटकणं. प्रार्थनासभा मात्र त्या शिक्षिकेकडे, निर्णयाच्या अधिकारासकट. लाल पेन बंद. सभा झाल्यावर बाईंनी पहिला प्रश्न तिलाच विचारायचा, “तुला कसं वाटलं?” आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं. ‘देवाची इच्छा आहे’ असं म्हणून चर्चा बंद करायची नाही, हेही ठरलं. धार्मिक संस्थेत या वाक्यापुढे कोणी बोलू शकत नाही, आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही.

पहिली सभा फसली. गीत मध्येच अडलं, वेळ टळली, पहिल्या तासाच्या शिक्षकांनी कुरकुर केली. बाईंनी मला फोन केला : “बघा, मी म्हटलं नव्हतं?” मी विचारलं, तिला काय वाटलं? त्यांनी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर कुठे चुकलं ते सगळं तिला माहीत होतं. शिवाय पुढच्या वेळी गीत मोठ्या मुलांकडून बसवून घ्यायचं हेही तिने ठरवून टाकलं होतं.

झोप हळूहळू सुधारली. वर्गांच्या फलकांवरून मात्र बाईंचा हात अजून निघत नाही, आणि त्यावर आमचं काम चालू आहे.

अशी वाटणी करायची झाली तर सुरुवात कोणापासून करावी, असं मला विचारतात. बहुतेक जण सर्वांत हुशार शिक्षक निवडतात. मी सांगते, पूर्वी बैठकीत बोलायचा आणि आता बोलत नाही, तो शोधा. बोलणं कधी थांबलं ते त्यालाच विचारा. उत्तरात तुमचंच नाव निघालं, तर खुलासा देत बसू नका; कोणतं काम त्याच्याकडे सोपवता येईल, एवढंच विचारा.