वाचक विचारतात : गळती नाही, मग मेमरी अडते कुठे?

प्रश्न : उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमधली तापमान पाठवणारी सुमारे २,००० यंत्रं आमच्या लिनक्स सर्व्हरला जोडलेली आहेत. सर्व्हर सी भाषेतला, १६ थ्रेडचा. लाईट जाऊन आली की सगळी यंत्रं एकदम जोडली जातात, मेमरी चढते आणि नंतर उतरतच नाही. व्हॅल्ग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) म्हणतं, गळती नाही, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करता हरवत नाही.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : व्हॅल्ग्राइंड खरंच बोलतंय. आधी खात्री करून घ्या. टायमर लावून दर दहा मिनिटांनी ‘मॅलॉक_स्टॅट्स’ (मेमरीचा हिशेब छापणारं फंक्शन) बोलवा. मात्र सिग्नल हँडलरमधून नको. त्यात प्रत्येक अरीनाचे (थ्रेडना मेमरी वाटणाऱ्या स्वतंत्र साठ्याचे) ‘सिस्टीम बाइट्स’ (सिस्टीमकडून घेतलेली मेमरी) आणि ‘इन यूज बाइट्स’ (त्यातली वापरातली) छापून येतात. पहिला आकडा चढलेलाच आणि दुसरा खाली आलेला दिसला, तर मोकळी झालेली मेमरी जीलिबसीकडेच, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीकडेच, अडकली आहे.

यंत्रं एकदम जोडली जातात तेव्हा दीर्घकाळ टिकणारी कनेक्शनची स्ट्रक्चर्स आणि क्षणभराचे मेसेज बफर शेजारीशेजारी बसतात. मेसेज संपतात, स्ट्रक्चर्स राहतात, मध्ये भोकं पडतात. मुख्य हीप (मेमरीचा मुख्य साठा) आपोआप आकसतो तो फक्त वरच्या टोकाकडून. तिथे एक जरी जिवंत स्ट्रक्चर असलं की सगळं अडतं. ‘मॅलॉक_ट्रिम’ हे फंक्शन मधली पानंही (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) परत करतं, पण पूर्ण रिकामी असतील तरच. भरीला अरीना : ६४-बिट यंत्रावर त्यांची मर्यादा कोअरच्या आठपट असते, आणि प्रत्येकात अशीच मेमरी अडते.

म्हणून पहिला, फुकटातला उपाय : ‘मॅलॉक_अरीना_मॅक्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू करा. थ्रेड लॉकसाठी ताटकळू लागतील, तेव्हा वेगही मोजा.

खरा उपाय म्हणजे आयुष्यमानाप्रमाणे मेमरी वेगळी करणं. कनेक्शनची स्ट्रक्चर्स सुरुवातीलाच एका सलग ॲरेत घ्या आणि रिकाम्या जागांची फ्री-लिस्ट ठेवा. ५१२ बाइटचं एक धरलं तरी २,००० ना जेमतेम १ एमबी लागते. मेसेजसाठी पूल (मेमरीचा राखीव साठा) करा : ४ केबीचा ब्लॉक, मागणी १६ च्या पटीत वर नेऊन पॉइंटर पुढे सरकवायचा, मेसेज संपला की पॉइंटर परत सुरुवातीला. सुटं ‘फ्री’ (एकेक तुकडा परत करणं) नाहीच. ब्लॉकमध्ये न मावणारी मागणी थेट मॅलॉककडे (मेमरी देणाऱ्या नेहमीच्या फंक्शनकडे) पाठवा, पण तिची नोंद पुलात ठेवा, नाहीतर ती मात्र खरोखरच गळेल. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हरही प्रत्येक रिक्वेस्टला असाच पूल देतो, मुळात ४ केबीचा.

घात होतो तो इथे : यंत्राचं नाव मेसेजच्या पुलात आणि त्याचा पॉइंटर कनेक्शनमध्ये. पूल रीसेट झाला की त्या नावाच्या जागी पुढच्या मेसेजचा मजकूर. पुलाच्या आतलं ॲड्रेससॅनिटायझरला (मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या साधनाला) आपणहून दिसत नाही. चाचणीच्या बिल्डमध्ये पूल बाजूला ठेवून प्रत्येक मागणी मॅलॉकला द्या आणि रीसेटच्या वेळी ते सगळे तुकडे फ्री करा. चूक लगेच पकडली जाते.

प्रश्न : प्रत्येक कनेक्शनला ६४ केबीचा रीड बफर ठेवणं योग्य का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. वरच्या सर्व्हरसारखी २,००० कनेक्शन असतील तर १२५ एमबी होतात, आणि बहुतेक कनेक्शन तर गप्पच बसलेली असतात. थ्रेडमागे एकच ६४ केबीचा बफर ठेवा, ‘ईपोल’ने (कनेक्शनवर लक्ष ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने) डेटा आल्याचं सांगितलं की त्यात वाचा, आणि मेसेज अर्धवट राहिला तरच उरलेला भाग त्या कनेक्शनच्या नावाने बाजूला काढा. त्या भागाला कमाल मर्यादा घाला. ती नसेल तर शेवटची ओळच न पाठवणारं एखादं बिघडलेलं यंत्र सगळी मेमरी खाईल.