तालुक्याच्या गावातून घरच्या समारंभासाठी २५-३० जणांना पार्टी बस मिळेल का?

दिवे, साउंड आणि सोफे असलेली बस पुण्या-मुंबईहून मागवता येते, पण भाडं सहसा गॅरेज ते गॅरेज मोजतात. म्हणजे ती रिकामी येणार-जाणार ते किलोमीटरही तुमच्याच माथी. माझं स्पष्ट मत, तो खर्च करू नका. गावातलीच मिनी बस ठरवा आणि वाचलेले पैसे जेवणावर घाला.

ठरवताना आधी नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते, ती भाड्याने देता येत नाही. लग्नसराईत शाळेच्या बसही स्वस्तात मिळतात, पण त्यांचं परमिट विद्यार्थ्यांच्या वाहतुकीचं असतं. अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्या नशिबी येईल, आणि गाडीत लहान मुलं नि म्हातारी माणसं असताना ही जोखीम कशाला?

दिवसाचे किमान किलोमीटर (गाडी कमी धावली तरी तेवढ्याचं भाडं लागतंच), टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, घाटात एसी चालू राहणार की नाही, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

एसटीही प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी बस भाड्याने, मिळते. आगारात लवकर अर्ज करा, अनामत भरावी लागते. ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर मी एसटीच घेईन.

गाणी जरूर लावा, पण चालत्या गाडीत उभं राहून नाचू देऊ नका. नाच मुक्कामी पोचल्यावर. रात्री १० नंतर मात्र उघड्यावर स्पीकर बंद ठेवावा लागतो, म्हणून संध्याकाळी जरा लवकरच निघा.