सिम मोडू नका, ताई

प्रश्न : विट्याच्या एका आईचं पत्र आहे. तेरा वर्षांच्या मुलाची मोबाइल गेममध्ये एका ‘दादा’शी ओळख झाली. त्यानं डायमंड (गेममधलं विकत घ्यायचं चलन) दिले, मग गप्पा दुसऱ्या ॲपवर नेल्या आणि एका रात्री मुलाकडून उघडा फोटो काढून घेतला. आता ‘शाळेच्या ग्रुपवर टाकतो’ अशी धमकी. मुलानं घाबरून वडिलांच्या यूपीआयवरून दोन हजार पाठवलेही. दीर म्हणतात, सिम मोडा, सगळं उडवा, बोभाटा नको. ताईंनी तो फोटो सल्ल्यासाठी कराडच्या भावाला पाठवलाय. मुलावरच केस होईल का, असं त्या विचारतात.

उत्तर : ताई, तुमचा मुलगा पीडित आहे, आरोपी नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. मुलाला असा फोटो काढायला लावणं हा कलम १३ चा गुन्हा, शिक्षा किमान पाच वर्षं. धमकी देऊन पैसे उकळले ती खंडणी वेगळी. मुलाला फूस लावून ऑनलाइन नात्यात ओढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये येतं.

दिरांचं मात्र ऐकू नका. सिम मोडलंत तर मोडेल तो तुमचाच पुरावा. तुम्ही पाठवलेलं चॅट मी वाचलं. पहिले आठ दिवस नुसतं ‘जेवलास का’, ‘आई कुठाय’, ‘दार लावलंस का’, आणि मग ‘हे घरी सांगू नको हं’. ही माणसं आधी घर चाचपतात. न्यायालयात हीच वाक्यं बोलतात, म्हणून चॅट, त्या ‘दादा’चं युजरनेम, तारीख-वेळ सगळं जसंच्या तसं राहू द्या. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ फोनही जपा. आणखी एक पैसा देऊ नका. गेलेल्या दोन हजारांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. गेम खेळताना त्यानं नाव खोटं सांगितलं असेल, पण यूपीआयमागे बँकेचं खातं असतं.

तक्रार विट्याच्याच ठाण्यात द्या. ‘सांगलीच्या सायबर पोलिसांकडे जा’ म्हणून त्यांना तुम्हाला परत पाठवता येत नाही. मुलाचा जबाब घरी घेता येतो. अधिकारी गणवेशात नसावा आणि पालक सोबत असावेत, असं कायदाच सांगतो. मुलाचं नाव छापणं गुन्हा आहे, त्यामुळे बोभाट्याची भीती वाटते तेवढी नाही. उलट, कळूनही पोलिसांना न सांगणं हाच पोक्सोच्या कलम १९ चा भंग आहे, आणि आता ते दिरांनाही लागू होतं.

राहिला मामा. ताई, हे तुमच्या हातून चुकलं. मुलाचा असा फोटो कुणालाही पाठवणं कायद्याला चालत नाही, मग पाठवणारी सख्खी आई का असेना. भावाला म्हणावं, पुढे कुणालाही पाठवू नकोस. आणि फिर्यादीत स्वतःच सांगून टाका, की घाबरून सल्ल्यासाठी पाठवला होता. तपासात नंतर निघाला तर उगाच शंका येते.

ठाण्यात जाताना फोनचा चार्जर आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत घ्या.