लांब लाइनवरचं ब्रॉडबँड: आधी दोन आकडे बघा

स्पीड टेस्ट तूर्त बाजूला ठेवा. मॉडेमच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट) स्टेटस उघडा आणि ॲटेन्युएशन (तारेत होणारी सिग्नलची घट) व एसएनआर मार्जिन (गोंगाट सोसून उरलेली सिग्नलची शिल्लक) लिहून घ्या; दोन्ही डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये असतात. तांब्याच्या तारेत किलोमीटरला साधारण १३-१४ डीबी घट धरतात. म्हणजे ५५-६० डीबी दिसत असेल तर टेलिफोन एक्स्चेंज चारेक किलोमीटरवर आहे. जुळे सोलापूरसारख्या पसरलेल्या भागात तार रस्त्यापेक्षाही वळसे घेत येते. एवढ्या लांबीवर एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी लाइन ठीक समजा. प्लॅन वाढवून काही होत नाही.

मार्जिन मात्र तुमच्या हातात आहे. ते ६ डीबीच्या खाली गेलं की लाइन तुटायला लागते. घरातली पॅरलल वायर (दुसऱ्या फोनकडे जाणारी) सोडवा, मॉडेम थेट बाहेरची तार येते त्या पहिल्या डबीत लावा आणि आकडे पुन्हा बघा. ३-४ डीबी वाढले तर दोष घरातला. स्प्लिटरच्या (फोन आणि मॉडेमचे सिग्नल वेगळे करणाऱ्या डबीच्या) आधी एकही फोन नको.

मग तारेचे जोड बघा. नुसती पिळून टेप मारलेली तार उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटून उघडी पडते आणि पहिल्या पावसात हिरवी होते. फोनमध्ये खरखर येते ती याचीच. हिरवा भाग कापा, जेलवाला कनेक्टर दाबा.

शेजारी यंत्रमाग आहे? त्याचा विजेचा गोंगाटही मार्जिन खातो. मीडियम वेव्ह रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावून तारेजवळ फिरवा. माग सुरू होताच घरघर वाढली, तर चोर सापडला. तार वीजवाहिनीपासून फूटभर लांब घ्या.